बत्तीस टिनं

...आणि वर लोकच म्हणतात, गोवर्धन, तुझं लग्न का जमत नाही! अहो, कसं जमेल? तुम्हाला सांगतो, सगळं त्या शिबिरामुळे झालं. अमरावतीला तीन दिवसांचं शिबिर होतं, सरकारी पैसा गावात येतो आणि मधेच कुठे जातो, त्याचा माग कसा काढायचा ते वार्ताहरांना आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवायला. मी अकोल्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. वार्ताहर म्हणजे काय, सातवीत शाळा सोडलेला माळ्याचा मुलगा, बाजारात वांगी विकता विकता भाव लिहून पाठवायचा! पण आमचे संपादक खुशालराव म्हणाले, "जाऊन ये, फुकट जेवण आहे."

शिकवायला वामनराव. हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले, चष्म्याच्या वरून बघायचे, आणि दर पाच मिनिटांनी टेबलावर थाप मारून, "पैसा हवेत विरत नाही! तो कुठंतरी जाऊन बसलेला असतो! लाजू नका, विचारा!" आता मला सांगा, मी बसच्या कंडक्टरला उरलेले दोन आणे मागायला लाजतो, 'थांबवा' म्हणायला लाजून अंबापेठेत उतरायचं तर थेट बडनेऱ्याला जातो... आणि म्हणे विचारा!

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काम. माझ्या जोडीला धर्मपाल, बौद्ध वस्तीतल्या तरुण मंडळाचा, परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ झालंय. त्याच्या वस्तीतल्या शाळेच्या खोलीचं प्रकरण. पंचायत समितीच्या कागदावर काय, तर खोली पूर्ण, छपराची टिनं बत्तीस नग, बसवली. जाऊन पाहतो तर चार मातीच्या भिंती आणि वर आभाळ! चाळीस पोरं सकाळी या भिंतीच्या सावलीत, दुपार झाली की मास्तर म्हणायचे "उठा", की पाट्या घेऊन त्या भिंतीच्या सावलीत. धर्मपाल म्हणाला, "भाऊ, हसू नको. मिरग लागला की भित्ती बसतीन. मंग शाया कुठी भरन? सरपंचाले विचारा लागते. मी तीनदा विचारलं, मले अंगणातूनच वापस पाठोते. तू विचार." मी!

लाजू नका, विचारा... म्हणून गेलो. शिबिरासाठी धुतलेला पांढरा सदरा, नवी टोपी, हातात वही, खिशात मोजपट्टी. सरपंच केशवराव ओट्यावरून धावतच आले. "या या पाहुणे! अकोल्याहून आले न तुमी?" म्हटलं, हो. खोटं कसं बोलू? "बसा! अवं, पाहुणे आले, पोहे टाक वं!" धर्मपालला मात्र, "तू थांब बाप्पा तथीसाच." तो अंगणात उन्हात, मी आत सतरंजीवर लोडाला टेकून! मला वाटलं, वा, पत्रकाराला काय मान आहे!

मी वही उघडली. ते आपणहूनच सांगू लागले, अकरा एकर, दोन विहिरी, संत्र्याची झाडं तीनशे. मी लिहितोय, लिहितोय! वामनरावांनी सांगितलेलंच, समोरचा बोलतोय तोवर लिहीत राहा. दाराआडून पार्बताबाई, म्हणजे सरपंचीणबाई, कुजबुजल्या, "पोरगा लाजरा दिसते, पण हिशेबाचा पक्का हाय." आणि बांगड्या वाजल्या, आणि पोह्यांची बशी घेऊन, डोक्यावर पदर, एक मुलगी येऊन समोर बसली! अहो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्याकडे अकोल्याचा मुलगा येणार होता, मुलगी पाहायला.

"विचारा न तिले काही," केशवराव म्हणाले. "लाजू नका, विचारा!" अगदी वामनरावच बोलले जणू! काय विचारू? नाव विचारलं, "वच्छला." शिक्षण विचारलं, "चौथी." स्वयंपाकाचं विचारायला गेलो, आणि तीन दिवस घोकलेलं तेवढं तोंडातून बाहेर पडलं,

"शाळेची टिनं कुठे आहेत?"

तिनं सरळ मान वर केली. "हे काय, तुमच्या डोक्यावर. अर्धे अथीसा, अर्धे ढोराच्या कोठ्यावर. बैलपोयाच्या आदल्या दिशी आणले बाबानं."

तुम्हाला सांगतो, तीन दिवसांच्या शिबिरात इतकं स्वच्छ उत्तर कुणी दिलं नव्हतं! मी तिच्याकडे बघतच राहिलो. खरं सांगतो, आवडली हो. वर पाहिलं तर टिनांवर लाल रंगात पंचायत समितीचा शिक्का. बाहेरून धर्मपालचा आवाज, "सोळा अथीसा, सोळा कोठ्यावर! मोजले मी!" केशवराव उठले. "पोरगी पाहाले आले का टिनं मोजाले?" मी मान खाली घालून म्हणालो, "टिनं." पोहे अर्धेच राहिले.

खुशालरावांनी छापलं, पहिल्या पानावर. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आठ दिवसांत बत्तीसच्या बत्तीस टिनं शाळेवर चढली, मिरगाच्या आत! धर्मपालनं पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. मला वाटलं, आता आपलं नाव होणार. झालं ना! केशवरावांनी पारावर काय सांगितलं माहीत आहे? "अकोल्याचं पोरगं आलं, हुंड्यात बत्तीस टिनं मांगे! मी म्हटलं, हाट्! तुले देण्यापरीस गावच्या शायेले देतो!" लोकांनी त्यांचा हार घालून सत्कार केला. शाळेच्या दारात! आणि वच्छला त्या खऱ्याच अकोलेवाल्याला दिली.

दोन वर्षं झाली. माळ्यांच्या घराघरात माझी कीर्ती, कुणी म्हणे टिनं मागणारा नवरदेव, कुणी म्हणे टिनं मोजणारा! परवा मामा मला घेऊन गेले, खरोखर मुलगी पाहायला. मुलीच्या बापानं मला ओळखलं. रामराम नाही, पाणी नाही, आत तोंड करून ओरडला, "अवं, आपल्या टिनांची पावती कुठी ठेवली वं?"

मुलगी काही बाहेर आली नाही. पावती आली. पाहिली. बरोबर होती.