निळ्या खिडकीची भिंत

नाई भाऊ, तुमची चुन्याची कुची मी कायले लपवू? मी का लहान पोरगा आहो? — बकरीनं नेली असन. आमची बकरी काहीबी खाते, परवा शेजारच्या नानाजीचा नेसाचा दुपट्टा अर्धा खाल्ला, उरलेल्या अर्ध्यात बुढ्याले इज्जत झाकता येईना — हसले, लटारूभाऊ, हसले तुम्ही! हसा. आईनं तुम्हाले चुना माराले बोलावलं, तोंड पाडून बसाले नाई. — हाव, समजते मले. उद्या ताईची तेरवी, पाहुणे येतीन, त्याच्या आधी घर पांढरं झालं पाह्यजे, सुतकाच्या घरात जुना रंग ठेवत नाई — आईनं सकाळपासून शंभरदा सांगतलं, तेबी ओसरीतूनच. पण कुचीच नाई तर चुना काय फुंकून माराल? बसा मंग. हा खर्रा घ्या, तंबाखू-सुपारी चांगली घोटली आहे. अन् कुची भेटेपर्यंत आमची ही खोली पाहून घ्या. फ्रेंच आहे.

— पिऊन कुठी आलो भाऊ! मोहाची दारू तर भिंतीवर आहे, वर पाहा ना. ते झुंबर. रंजीताताईनंच रंगानं काढलं. फ्रान्समधी म्हणे झुंबराले काचेचे लोलक राह्यते, तिनं मोहफुलं लटकवली. मी म्हटलं, ताई, उजेड पडन का याचा? तर म्हणे, उजेड कायले पाह्यजे, पाहुणे पाहूनच झिंगतीन. अशी होती ती. दिवसभर रिसॉर्टमधी चादरी बदले अन् घरी आली का भिंतीले लागे. तिथल्या खोल्या सजवाले मुंबईची एक मॅडम आलती. तिनं ताईले सांगतलं — आपल्याले फ्रेंच अन् एशियन एकात मिळवाचं आहे, रंग भरपूर, पण घरासारखं वाटलं पाह्यजे. ताईनं विचारलं, मॅडम, एशियन म्हणजे कोण? मॅडम म्हणे, चीन, जपान, आपण, सारेच. ताई नाचत घरी आली — पवन्या, अर्धं काम तर झालंच रे! एशियन आपण आहोच. आता फक्त फ्रेंच आणाचं राह्यलं!

अन् आणलं ना तिनं. उरलेले रंगाचे डबे मॅडमनंच देल्ले, चोरले नाईत, तसं तोंड करू नका. ही निळी खिडकी पाहा — अहो, ओढू नका, ते उघडत नाई, रंगानं काढलेली आहे! नानाजीनंबी एकडाव ओढली होती, नख तुटलं बिचाऱ्याचं. तिकडं म्हणे साऱ्या घराले अशा निळ्या फळ्यांच्या खिडक्या राह्यते. पण आतून दिसते ते फ्रान्स नाई, आपलाच बांध आहे. तो पळस. ती आमची बकरी — आता फ्रेंच खिडकीत बसवल्यावर ते माजणारच ना, दुपट्टे खाणारच. ही चिनी बरणी. चिनी लोक बरणीवर मोठा राक्षस काढतेत, आग ओकणारा. ताई म्हणे, राक्षस मी पाह्यला नाई, जे पाह्यलं ते काढीन — घोरपड काढली. अन् हा जपानचा पंखा. ओळखा कायचा आहे? आईचं सूप आहे ते! हुबेहूब सूप, फक्त गुलाबी. आई केवढी भांडली होती, माह्यं सूप जपानले देल्लं तर मी पाखडू कायनं! — हा बाजूचा जांभळा रंग होय? डब्यावर काहीतरी फ्रेंच नाव होतं, तोंडात बसे ना. आम्ही म्हणो पिकलं जांभूळ.

सिकलचं, रक्ताचं दुखणं होतं तिले, तुम्हाले तर माहीत आहे. हाडं ठणकाले लागली का ब्रश हातातून पडे. मंग मी पाटावर उभा अन् ती खाटेवरून हुकूम सोडे — पवन्या, खुर्चीचे पाय वाकडे काढ, फ्रेंच खुर्ची सरळ उभी राहत नाई! मी काढले वाकडे. तर म्हणे, हे तर बोकड मुतून राह्यलं. आम्ही दोघं असे हसलो भाऊ, असे हसलो का तिले धाप लागली. पाहा ना, ह्याच त्या खुर्च्या. घरात खरी खुर्ची एकबी नाई. म्हणून एवढ्या खाली काढल्या — जमिनीवर बसाचं, पाठ भिंतीले टेकाची, का दारातून वाटते राजा बसला. ही सोनेरी काठाची आईची. ही बोकडाची माही.

— हाव, दोनच आहेत. मीबी विचारलं तिले, ताई, तुही कुठी? म्हणे, जागा पुरली नाई. — जागा पुरली नाई म्हणे — अन् पाहा ना भाऊ, इथून तिथपर्यंत सारी भिंत मोकळी, इथी बारात बसन. जागा नाई म्हणे. तिले तवाच समजलं होतं का हो? अन् मी बैल — मी म्हटलं, हाव ताई, तुही पुढच्या भिंतीवर काढू —

नाई, काही नाई. डोळ्यात चुना गेला. — माहीत आहे मले, अजून कालवलाबी नाई.

माह्या बुडाखाली काय पाहून राह्यले? — हे? हे तर — हाव, कुचीच आहे. बकरीनं आणून ठेवली असन. — नाई देत. ओढा, किती ओढता! स्वयंपाकघर मारा, ओसरी मारा, बाहेरून सारं बगळ्यासारखं पांढरं करा, मी पाणी आणून देतो. ही भिंत नाई. आईले सांगाचं, चुना सरला. ते कुठी पाहाले येते? ताई गेली तवापासून या खोलीत तिनं पाय नाई टाकला, ओसरीतच झोपते, रंग दिसला का तोंड फिरवते. ते आत येतच नाई तर तिले कसं समजन, पांढरं झालं का —

आई?

तू कवा आली? काऊन उभी आहे दारात? मी भाऊले काही नाई म्हटलं, मी फक्त — ये. उंबरठा पाहून ये. — आई, कुठी चालली? कुची पाह्यजे का तुले? आई —

भाऊ. पाहून राह्यले का? बसली ते. सोनेरी काठाच्या खुर्चीत. पाठबी बरोबर टेकली. ताईनं माप कवा घेतलं असन तिचं?

घ्या, ही तुमची कुची. बादली उचला अन् ओसरी मारा. — अन् जाता जाता दार ओढून घ्या.