डेनाचे गुण

—अगं वर बस, लिका, खुर्चीवर! हॉलंडात जाऊन शिकले ती काय तुम्हाला जमिनीवर बसवायला? बरं, राहू दे, तुला अवघडतंय तर खालीच बस. हं, तर तुझ्या डेनाला सगळ्यांत जास्त गुण पडले, खरंय ते. चित्रांचीच तर परीक्षा – नक्षीतला एक चौकोन कोरा, तिथं काय बसेल त्यावर बोट ठेवायचं. वाचन नाही, बोलणं नाही. का केली मी अशी? गुलामाच्या पोरीलाही राजाच्या पोराइतकंच डोकं असतं हे दाखवायला! तुमच्यासाठीच केली, लिका!

पण परीक्षेचीही परीक्षा असते, कळलं? ती हुशाराला हुशारच ठरवते, हे आधी पटवावं लागतं. मग हुशार कोण, हे कुणाला विचारायचं? गुरुजींना. त्यांनी वर्ग ओळीनं उभा केला – पुढं आमच्या घराण्यातली, मग शेतकऱ्यांची, मागं तुमची. आपल्या सुंबा बेटावर ओळ अशीच लागते, त्यांचा काय दोष? माझा भाचा उंबू तामू पहिला, डेना शेवटची. आणि परीक्षेत डेनाच त्याच्या वर! म्हणजे माझी परीक्षाच खोटी पडली ना? – काय? गुरुजी खोटे? तसं म्हणालीस तू? नाही ना? मग अशी वर बघू नकोस.

म्हणून काढलं तिचं नाव. अपवाद म्हणतात त्याला. तिला काढलं आणि काय सुंदर जुळलं सगळं! आता ही परीक्षा बेटाबेटांवर जाईल, हजारो गरीब पोरांचं भलं होईल – एका पोरीपायी ते अडवू? कुपांग शहरातल्या शाळेत पहिल्या आलेल्याला जागा होती, ती तामूला दिली. तोच पहिला आता.

परीक्षा परत घ्यायची? घेतली की! पुन्हा पुन्हा घेतली, पोरगी चढतीच. शेवटी मीच म्हटलं, डेना, थोडं चुकव, साखर देईन. बघतच राहिली माझ्याकडं, आणि बोट बरोबरच ठेवलं. आता मला राग येणार नाही?

आणि शाळेत जाऊन करणार काय होती? परवा माझं लग्न. नवरीबरोबर घरच्या गुलामांतली एक पोर द्यायचीच असते – मी नाही मानत असलं काही, पण आईचं मन मोडवत नाही. द्यायचीच तर हुशार दिलेली बरी. – रडतेस काय अशी? ऊठ. तिचे कपडे माझ्या सामानात बांध.