कागदावर मजुरी लिहिली

मी मोखाड्याकडचा, डोंगरातला. चौथीत शाळा सुटली, बापाच्या भातावर घर चालंना, म्हणून दातिवऱ्याला बोटीवर खलाशी झालो. पयल्यांदा सगळे हसले, याला मासा कळतो का खेकडा, पण आमच्या तांडेलकाकांनी, बोट तेच चालवतात, मला पोरासारखं शिकवलं. त्यांचं नाव घेतल्याबिगर मी जेवत नाय.

मग चक्कर सुरू झाली. काय सांगू तुमाला, दर्यावरून उतरलं की दोन दिवस जमीन हलते, ते आमा सगळ्यांनाच व्हतं, म्हणून वर्षभर मी तेच समजत राहिलो, घरं फिरायची, उलट्या व्हायच्या, डावा कान घुमायचा, तरी म्हणायचो उतरेल. एकदा जाळं ओढताना तोल गेला, काकांनी कमरेला धरलं नायतर गेलोच असतो. त्यांनीच मुंबईला नेलं. गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली, मग डॉक्टरीण बोलली ऑपरेशन करू, डाव्या कानातला तोल सांभाळणारा भागच काढून टाकू. तिनं काय लपवलं नाय, हे मी कुणालाबी सांगेन. बोलली, या कानाचं उरलंसुरलं ऐकू येणं जाईल, तोंडाची नस जवळ हाय तिला धोका असतो, थोडे दिवस दारुड्यासारखा चालशील, मग दुसरा कान नि डोळे तोल सांभाळतील, मजुरीला जाशील. मी हो हो करत सही केली.

मजुरीला जाशील बोलली, कारण कागदावर मीच मजुरी लिहिलं होतं. रेशनचा असो, शाळेचा असो, आमी खलाशी सगळ्या कागदावर मजुरीच लिहितो. तिच्या हिशोबात दर्या आलाच नाय. मीबी विचारलं नाय, एवढी शिकलेली बाई आपल्याला येळ देते, तिला काय विचारायचं.

चक्कर गेली, खरंच गेली. सपाट रस्त्यावर बरा चालतो. पण सहा महिन्यांनी बोटीत चढलो, पायाखालची फळी हलली, किनारा दिसेनासा झाला, नि वर कुठं खाली कुठं कळंना, केबिनला मिठी मारून बसलो ते धक्क्याला येईपर्यंत. डॉक्टरणीला सांगितलं तर तिनं माझा जुना कागद काढून परत वाचला. मग बोलली, बोटीवर असतोस हे आधी सांगायला नको का. सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं, हे विचारायचं व्हतं, पण पिशवी उचलून निघालो.

आता बोईसरला कारखान्यात बसून बाटल्यांना लेबलं लावतो. काका सणाला म्हावरं पाठवतात. माझ्या जागी नवा माणूस घेतलाय, पाय घट्ट हाय त्याचा, बोलतात. घेणारच, बोट थांबते व्हय. ऐकून जीव जळतो, खोटं कशाला बोलू. तरी त्याला सुखरूप ठेव, एवढं रोज दर्याला मागतो, पण दर्याकडं तोंड करून नाय मागत.