विमानाचा धूर, माही चूल

झोप कुठची मॅडम! रात्रभर एकच घोर — सलोनीचं अंग पुन्हा तर नाही तापत? परवा अंगणवाडीतून आली अन् दारातच भोवळ येऊन पडली. महागावच्या डॉक्टरनं सलाइन लावली, म्हणे ऊन लागलं. एवढीशी पोर! ओला पंचा फिरवत बसली मी, अन् डोक्यात तुमची ती चुली वाटणारी कंपनी. बसा ना, इथंच बसा चुलीपुढे. छपराचे टिन तापलेत थोडे, पण फोटो चुलीचाच पाहिजे ना तुम्हाले? कूलर? लाइन नाही जी सकाळपासून. घरघर? ते... ते रामरावकाकाची पिठाची चक्की. डिझेलवर चालते. हो, डिझेलवर.

अर्थशास्त्रात एम.ए. केलं मी — म्हणजे स्वतःच्याच चुका काढायची सवय लागली, दुसरं काही नाही. पण तुमचा हा व्यवहार पक्का समजला. तिकडे विदेशात विमानं उडतात, धूर सोडतात. तुम्ही मले ही कमी धुराची चूल फुकट दिली. माह्या चुलीचा जो धूर वाचला, तो त्या विमानवाल्यानं तुमच्यापासून विकत घेतला — अन् त्याच्या कागदावर त्याचा धूर कमी झाला! याले म्हणे देशादेशांतलं सहकार्य. त्याचं एक तरी विमान खाली उतरलं का? आमच्या गावचं ऊन उतरलं का? नाही. मंग कमी काय झालं — तर माह्या चुलीतली काडी! अन् पोरगी पडली, ते कोणाच्या नावानं मांडता?

पाणी? देते, भाकर तर होऊ द्या. थापता येते? नाही? मंग फुंका तरी. असं लांबून नाही, वाका अजून. खरं तर तुमच्या त्या विमानवाल्याले बसवायचं होतं इथं, भर मे महिन्यात, दुपारच्याले — पण तो कुठं सापडते? तुम्ही सापडल्या. हे बरोबर नाही, कळते मले. तुम्ही नोकरीवाल्या, पाठवलं तिथं येता. चेहरा लाल झाला तुमचा... सलोनीचा झाला होता, अगदी तसाच... तरी बसाच. आता मी काढते फोटो, तुमचा, घामासकट — हा पाठवा तिकडे...

काय वं सलोनी, उठली काहून? आत जा. आत जा म्हटलं ना —

"आई, कूलर बंद कर ना. मले थंडी वाजून राह्यली."