सोबत: आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, नोंदणी खिडकीचे भाऊसाहेब आणि छत्तीस वर्षं मला 'सिस्टर, जरा इकडे' म्हणून पळवणारे माझे सगळे सहकारी,

फार गोड बोललात माझ्याबद्दल. घड्याळही दिलंत. निवृत्त होणाऱ्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला काही सुटलेलं नाही. असो. आता पाच मिनिटं कडू ऐकून घ्या.

आपल्या जोखमीच्या गरोदरपणाच्या विभागात केसपेपरावर 'सोबत' असा एक रकाना आहे. त्यात आपण लिहितो, 'आहे'. विचारतो का? छे! बाकावर बाईशेजारी दुसरी बाई दिसली की झालं.

गेल्या वर्षी शिलाई कारखान्यातली एक बाई आली होती. आठवा महिना, रक्तदाब चढलेला, पायांवर सूज. शेजारी एक मावशी बसल्या होत्या, म्हणून लिहिलं 'आहे'. मावशी होत्या पुढच्या नंबरच्या, स्वतःच्या सुनेला घेऊन आलेल्या! डॉक्टरसाहेबांनी तो शब्द वाचला आणि भरती न करता 'घरी पूर्ण विश्रांती' असं लिहून दिलं. त्या 'आहे'खाली सही माझी.

विश्रांती कुणाच्या जिवावर हो? नवरा बोटीवर कामाला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं उठवणं-बसवणं हिच्याच हातून. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिसऱ्या दिवशी तिने वॉर्डात फोन केला, तो मीच घेतला. म्हणाली, "सिस्टर, मला भीती वाटते."

मी म्हटलं, "ताई, टेन्शन घेऊ नका." छत्तीस वर्षांत एवढंच शिकले होते मी!

पाचव्या दिवशी तिला झटके आले. कारखान्यातल्या दोन मैत्रिणींनी खुर्चीत बसवून तिला चार जिने खाली आणलं. ती वाचली. तिची मुलगी वाचली नाही. त्या मैत्रिणी मला नंतर म्हणाल्या, कुणी सांगितलं असतं तर आम्ही आळीपाळीने राहिलो असतो. त्यांना सांगणार कोण? आपल्या कागदावर तर सोबत होतीच.

मग बैठक झाली. 'घरच्यांनी काळजी घेतली नाही' असा शेरा मारून सगळे चहा पिऊन मोकळे. कोणते घरचे? मला तेव्हाही संताप आला होता. आजही येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो, कारण त्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही.

आता गंमत बघा. या समारंभासाठी भाऊसाहेबांनी मला तीनदा फोन केला. सोबत कोण येणार, नाव सांगा, खुर्चीवर चिठ्ठी लावायची आहे. म्हणजे विचारता येतं तर! मग उद्यापासून त्या रकान्यात 'आहे' लिहिणं बंद करा. नाव लिहा, नातं लिहा, फोन लिहा. कुणीच नसेल तर 'नाही' लिहा आणि तिला खाट द्या. मला दुसरी भेट नको.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण सभागृहाची माफी नंतर. चिठ्ठी लावलेल्या त्या खुर्चीवर, पहिल्या रांगेत, आज माझ्यासोबत तीच आली आहे.

ताई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नाही. मला माफ करा.