रोल नंबर सतराची हजेरी

पोलीस ठाणे, शेवगाव
दि. १२/०२/२०२५, सायं. ४.४० वा.

नाव : अनीश दत्तोपंत टोकेकर, वय ४१ वर्षे, धंदा : महाविद्यालयात भूगोल शिकवणे (तासिका तत्त्वावर), रा. जुनी पेठ, शेवगाव, जि. अहिल्यानगर.

मी समक्ष, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर वडील व पत्नी देवश्री यांच्यासह राहतो. तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अकरा वर्षांपासून बी.ए.ला भूगोल शिकवतो. माझी नेमणूक दर जूनला नव्याने होते. 'शिकवतो' हा शब्द आपला रिवाजाप्रमाणे घातला आहे.

तिसऱ्या वर्षाच्या पटावर चौसष्ट नावे आहेत. हीच तुकडी पहिल्या वर्षाला एकशे बेचाळीस होती. मागच्या तुकडीतल्या नऊ जणांना पदवी मिळाली आणि त्याबद्दल आम्ही पेढे खाल्ले. यंदा वर्गात रोज येणारी एकच मुलगी होती. रोल नंबर सतरा, निकिता कारभारी फटांगरे, वय २०. ती गावाहून एसटीने येई आणि खिडकीशेजारच्या पहिल्या बाकावर बसे.

माझा तास दुपारी १२.१० चा. त्या वेळी बाहेरच्या लिंबाची सावली खिडकीतून फळ्यावर येते आणि हलत राहते. हजेरी सगळ्यांची घ्यायची असा नियम आहे, म्हणून मी चौसष्ट नंबर पुकारतो. नंबर पुकारला की ते मूल मला दिसते. हवालदारसाहेबांनी 'दिसतं म्हणजे काय ते नीट सांगा' असे विचारल्यावरून खुलासा करतो की, तीन नंबर मोबाईलच्या दुकानात काच चिकटवताना दिसतो. नऊ नंबर चाकणला रात्रपाळी करून खोलीवर पालथा झोपलेला असतो. बावीस नंबर सासरी पाळण्याची दोरी ओढत असते. चाळीस नंबर भरतीसाठी रस्त्याने पळतो, पळतो, आणि पळतच राहतो. चौसष्टपर्यंत येईतो माझे डोळे जड झालेले असतात. मग मी गाईडमधले उतरवून देतो.

निकिता सगळे उतरवून घ्यायची. दुसऱ्या वर्षाला तिला पहिला वर्ग मिळाला. गावात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. डिसेंबरात तिने एकदा हात वर करून विचारले, "सर, आमच्या गावच्या ओढ्याचं पाणी पुढं कुठं जातं?" मी म्हणालो, "ते सिलॅबसमध्ये नाही." तिने तेही उतरवून घेतले असावे.

दि. २७ जानेवारीपासून बाक रिकामा होता. त्या दिवशी मी सतरा नंबर पुकारला तेव्हा मागून "हजर" असा आवाज आला. वर्ग झाडणाऱ्या छबूबाई मागच्या भिंतीला टेकून बसतात, त्यांचा तो आवाज होता. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "एकुलती एक येती पोरगी. परीक्षेला बसायचंय तिला. हजेरी नगं बुडाया. तुमी लिवा, सर." मी लिहिले. पुढे रोज लिहिले, एकूण चौदा दिवस. यात छबूबाईंचा दोष नाही. त्यांनी मायेने सांगितले, पेन माझ्या हातात होते.

खरे सांगायचे तर, दोन-चार दिवसांनी मला ती बाकावर दिसूही लागली. खिडकीतले ऊन तिच्या वहीच्या जागी पडे आणि मी त्या उन्हाला उतरवून देत असे. कोणाचे काही अडत नव्हते.

माझ्या नकळत काय घडत होते ते मला आज कळले. निकिता २७ तारखेला घरून निघाली ती परतली नाही. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी याच ठाण्यात खबर दिली. ठाण्याने महाविद्यालयाला विचारले. कार्यालयाने माझा हजेरीपट पाहून २९ तारखेला लेखी कळवले की, मुलगी रोज वर्गात हजर आहे. मुलगी सज्ञान, त्यात रोज कॉलेजात, म्हणून शोध थांबला. त्या पत्रामागे माझी हजेरीपटावरची सही आहे.

दि. ३० पासून एक गृहस्थ रोज दहा ते पाच महाविद्यालयाच्या फाटकापाशी उभे असत. डोक्याला टोपी, हातात भाकरीचे फडके. मी येता-जाता त्यांना पाहत होतो. कोणाची वाट पाहता, असे मी विचारले नाही. ते निकिताचे वडील कारभारी फटांगरे होत. मुलगी आत आहे, सुटल्यावर बाहेर येईल, या भरवशावर ते अकरा दिवस उभे होते.

आज तास सुरू होताना ते वर्गात आले, चपला दाराशी काढल्या आणि शेवटच्या बाकावर बसले. मला वाटले, मी झोपेतच आहे. मी हजेरी सुरू केली. सतरा म्हटल्यावर छबूबाई "हजर" म्हणाल्या. कारभारी उठले. त्यांनी आधी छबूबाईंकडे पाहिले, मग खिडकीजवळच्या बाकावरून हात फिरवला. म्हणाले, "सर, माजी निकिता हितं बसती का?" मी हो म्हणालो. "मग आता कुठं हाय?" ते खाली बसले. त्यांना रडू आले. मलाही आले. माझी झोप तिथे उडाली.

दुपारी दोन वाजता, निकिताचे काही सापडते का म्हणून, मी स्टाफरूममधला प्रकल्पांचा गठ्ठा सोडला. हे प्रकल्प न उघडताच गुण द्यायची आमची वहिवाट आहे, कारण सगळे एकाच गाईडातून उतरलेले असतात. गठ्ठ्यात टपालाने आलेला एक लिफाफा होता. शेवगाव टपालाचा शिक्का ३ फेब्रुवारीचा. नऊ दिवस तो तिथेच पडून होता. आत हाताने काढलेला नकाशा आणि चिठ्ठी. चिठ्ठीतला मजकूर असा :

"सर, सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत पाण्याच्या कामाचा नकाशा आला होता. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, माझी पोरगी भूगोलातच बी.ए. करते, ती दाखवील ओढा. मला आमचं गावसुद्धा सापडलं नाही. बाबा हसले, पण घरी जेवले नाहीत. म्हणून मी पाचवीच्या आमच्या प्रेमलाबाईंकडे भिंगारला आले आहे. घरी सांगून आले असं त्यांना खोटंच सांगितलंय. बाईंनी पाचवीपासून परत सुरू केलं आहे. हा नकाशा तिसऱ्यांदा काढला. तुम्ही तपासा. बरोबर आहे असं लिहून पाठवलंत की मी बाबांना तोंड दाखवीन. पत्ता मागे आहे."

नकाशा व चिठ्ठी मी हजर करत आहे. भिंगारच्या पत्त्यावर हवालदारसाहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. प्रेमलाबाईंनी उचलला. मुलगी सुखरूप आहे. माझ्याबरोबर ठाण्यात आलेल्या कारभारींनी फोन हातात घेतला. पलीकडून निकिताने एवढेच विचारले, "सरांनी तपासला का?"

त्यावर मी नकाशा टेबलावर पसरला. आणि मला कबूल करावे लागते की, तो ओढा कुठे जातो हे मला माहीत नव्हते. मी कारभारींना जवळ बोलावले. त्यांना अक्षर ओळखता येत नाही. त्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवले आणि हळूहळू पुढे नेले. "ही आमची हीर. हितनं मारुतीच्या मागनं वळतो. हितं बाभळी. मग ढोरा नदी, अन् म्होरं जायकवाडीचं पानी... व्हय. समदं बराबर काढलंय पोरीनं." त्यांचे बोट बराच वेळ पाण्यावरच राहिले.

मी ठाणे अंमलदारांकडून लाल पेन मागून घेतले व नकाशाखाली 'बरोबर' असे लिहून तारीख घातली. शेजारी कारभारींनी अंगठा दिला. हजेरीपटावरची चौदा दिवसांची हजेरी मी खोटी लिहिली आहे, तिची जबाबदारी माझी. पुढे नेमणूक राहणार नाही याची कल्पना आहे. आजच्या तारखेला सतरा नंबरापुढे मी गैरहजर लिहिले आहे.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी जागेपणी ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. नकाशा बरोबर आहे, आणि हेही बरोबर आहे.

समक्ष, सही
अनीश दत्तोपंत टोकेकर