हिराकाकीच्या घरातला कमावता

मी मूळचा इथलाच, कामनच्या खाडीकाठचा, बाप खारजमिनीत भात लावायचा, मी सातवी झालो आनि अक्षर बरं म्हनून तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल लागलो. कोतवाल म्हंजे काय, दवंडी द्यायची, नोटीस पोचवायची, साहेब आला की चहा आनायचा. पन गावातलं कुठलं घर काय खातं ते कोतवालाला माहीत असतं, साहेबाला नाय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. घराघरात जाऊन वर्षाचं उत्पन्न लिहायचं आलं, गरीब कोन ते ठरवायला. भाऊसाहेब, म्हंजे आमचे तलाठी, घाटावरचे, ते म्हनाले तू विचार, तूच लिही. आता काय सांगू तुम्हाला, आम्ही गल्लीत शिरलो की लोकांचे टीव्ही गोधडीखाली झोपायचे! कोंबड्या शेजारी पाहुन्या जायच्या. घरवाला निम्मं सांगनार, शेजारी दुप्पट सांगनार, मी आपलं दोघांच्या मधलं लिहायचो आनि बहुतेक बरोबर यायचं.

सगळ्या गावात वाढवून सांगनारं घर एकच, हिराकाकीचं. नवरा दमेकरी, खाटेवर. मी विचारलं काकी कमावता कोन, तर म्हनाली कोन म्हंजे, आमचा मोरेश्वर, रेतीवर जातो, दिवसाला साठ रुपये आनतो. माझा हात थांबला. कारन मोरेश्वर आदल्या वर्षीच गेला होता. खाडीत होडी उभी करायची, बांबू धरून खाली बुडी मारायची, बादली भरून रेती वर आनायची, हे त्याचं काम. एकदा खाली गेला तो वर आलाच नाय. दोन दिवस शोधला, आम्ही सगळे पान्यात होतो, मीसुद्धा. हाताला लागला नाय. काकीनं दहावं करू दिलं नाय, म्हनाली मढं दाखवा मग करते. त्याचं ताट रोज वाढायची. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आनि साठ रुपये लिहिले. तोंडावर कसं सांगू हो, की काकी तुझा पोरगा मेला?

भाऊसाहेबांना एक सवय होती, सगळे फॉर्म गरिबापासून श्रीमंतापर्यंत रांगेनं लावायचे आनि बरोबर मधला उचलायचा, म्हनायचे हे बघ, हे तुझं गाव. त्या दिवशी मधला फॉर्म उचलला तो हिराकाकीचा. मेलेल्या मानसाच्या मजुरीवर माझं गाव मोजलं गेलं. मी घाबरलो, आनि तो फॉर्म परत गठ्ठ्यात सरकवला.

पुढं रंगीत रेशनकार्डं आली. त्या साठ रुपयांपायी काकीला केशरी मिळालं, पिवळ्यावरचा स्वस्त तांदूळ मिळेना. ती दोघं पेज पिऊन राहायची, मी डोळ्यानं बघत होतो. एकदा म्हटलं, काकी, मोरूचं नाव काढू या, तांदूळ येईल. तर चुलीतलं लाकूड घेऊन उठली माझ्यावर, म्हनाली माझा पोरगा खातोस काय रे!

काही वर्षांनी परत चौकशी आली. परत तेच घर, तेच ताट. काकी म्हनाली आता रेतीचा भाव वाढला, मोरूला शंभर मिळतात. बाई हसत सांगत होती हो! मी मान हलवली, तिच्यासमोर शंभर लिहितोय असा हात फिरवला, आनि लिहिलं, कमावता कोनी नाय. मग कार्डावरून त्याचं नावसुद्धा कमी करायला लावलं. सही माझी, साक्षीदार म्हनून.

पिवळं कार्ड घेऊन गेलो तर काकी म्हनाली, मला वाचता येत नाय, नावं वाच. मी नवऱ्याचं वाचलं, तिचं वाचलं. ती थांबून राहिली. मग मी वाचलं, मोरेश्वर. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हनाली सगळे विसरले रे, तू नाय विसरलास. त्या हाताचं वजन अजून उतरलं नाय बघा. दर महिन्याला तांदूळ आनायच्या आधी ती मला नावं वाचायला बोलवायची, आनि मी दर महिन्याला खोटं वाचायचो.

आधी नवरा गेला, मग काकी. कार्ड जमा करायचं माझंच काम होतं, ते मी केलं नाय, पेटीत ठेवलंय. आता रिटायर झालो. खाडीकडं भरतीला जात नाय, पान्यात बांबू उभा दिसला की वाटतं कोनीतरी खाली धरून आहे. मग घरी येऊन कार्ड उघडतो. लिहिलेली नावं दोन, माझ्या तोंडातून तीन येतात.

तुम्ही ऐकलंत, बरं झालं. देव तुमचं भलं करो. तुमच्या कार्डावर जेवढी नावं, तेवढी मानसं रोज पानावर बसोत.